बाणाचे प्रामाण्य

सॉफ्टवेअरच्या सहयोगी प्रकल्पाला, म्हणजे एकमेकांना बहुधा कधीच न भेटलेली माणसे एकाच आज्ञावलीवर वर्षानुवर्षे मिळून काम करतात अशा उद्योगाला, आपली कामाची रीत कुठेतरी लिहून ठेवावीच लागते, आणि ती लिहिताना गद्य अपुरे वाटू लागले की आकृती काढली जाते. चौकटीत कृतीचे नाव, दोन चौकटींमध्ये बाण, निर्णयाच्या जागी शंकरपाळ्यासारखी तिरपी चौकट, असे तिचे ठरीव रूप असते आणि तिला कार्यप्रवाहाची आकृती म्हणतात. प्रकल्पात नव्याने आलेल्या माणसाला आधी हीच दाखवली जाते, आणि तिच्याविषयीच्या तक्रारीही त्याच्याकडूनच प्रथम येतात: आकृती जुनी झाली आहे, बाण एकमेकांना छेदतात, चौकटींतली नावे पडद्यावरच्या बटणांशी जुळत नाहीत. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. रंग बदलले जातात, चिन्हे प्रमाणित केली जातात, एका मोठ्या आकृतीच्या तीन लहान आकृत्या होतात, आणि इतके होऊनही काम पूर्वीसारखेच चालू राहते. दोष रेखाटणाऱ्याच्या हातात शोधला जातो. तो तिथे क्वचितच असतो. दोन कृती बाणाने जोडल्या की त्यांच्यात पौर्वापर्य आहे, म्हणजे एक आधी व दुसरी नंतर असा संबंध आहे, असे विधान होते; परंतु ते विधान कशाच्या बळावर केले आहे हे बाण सांगत नाही. हा प्रश्न प्रामाण्याचा आहे, आणि भारतीय दर्शनांपैकी एकाने त्यासाठी एक सबंध अध्याय खर्ची घातला आहे.

त्या अध्यायाकडे वळण्यापूर्वी आकृतीच्या वंशावळीवर एक नजर टाकणे आवश्यक आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रियांचे तक्ते मांडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातला कामगार होता आणि कोणतेही काम करण्याची एकच सर्वोत्तम रीत असते हा विश्वास त्या तक्त्यांच्या मुळाशी होता. १९४७ च्या सुमारास हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी त्याच जातीच्या आकृत्या संगणकाला द्यायच्या आज्ञांसाठी काढल्या, आणि पुढली पंचवीस-तीस वर्षे फ्लोचार्ट हा प्रत्येक आज्ञावलीसोबत असायलाच हवा असा दंडक झाला. १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी, आयबीएममधल्या एका प्रचंड प्रकल्पाचा भार वाहून झाल्यावर, या दंडकावर हल्ला चढवला: तपशीलवार फ्लोचार्टचे महत्त्व भलतेच फुगवलेले आहे आणि तो प्रत्यक्षात आज्ञावली लिहून झाल्यानंतरच काढला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी बेन श्नायडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा आज्ञावली लिहिणे, समजून घेणे, दुरुस्त करणे यांपैकी कशातही फ्लोचार्टमुळे लक्षणीय लाभ दिसला नाही. जे आज्ञावलीत आधीच स्पष्टपणे लिहिलेले आहे ते चित्रात पुन्हा सांगून काही हाती लागत नाही, हे त्यावरून पुरेसे सिद्ध होते.

कार्यप्रवाहाची आकृती मात्र यंत्राविषयी नसते, माणसांविषयी असते, आणि इथे सगळे पारडे फिरते. संगणक आपल्या आज्ञावलीची अवज्ञा करू शकत नाही, म्हणून त्याचा फ्लोचार्ट हे केवळ वर्णन असते, खरे किंवा खोटे. माणूस अवज्ञा करू शकतो, पळवाट काढू शकतो, दोन पायऱ्या एकदम चढू शकतो. म्हणून त्याच्यासाठी काढलेल्या आकृतीतला प्रत्येक बाण एकाच वेळी दोन गोष्टी बोलू पाहतो, इथे असे घडते ही एक आणि इथे असे करावे ही दुसरी. लुडविग विट्गेनस्टाइन यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तत्त्वचिंतनात बाण दाखवतो कसा, असा भाबडा वाटणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे आहे की कागदावरची ती रेघ स्वतः कशाकडेच बोट दाखवत नाही, तिचा वापर करणारा जिवंत प्राणी तिला दिशा देतो. लूसी सचमन यांनी १९८७ मध्ये माणूस आणि यंत्र यांच्या व्यवहाराचा अभ्यास करताना याच्याशी जुळणारी गोष्ट मांडली: योजना ही कृतीला जन्म देत नाही, कृती करणारा प्रसंगानुसार योजनेचा साधन म्हणून उपयोग करतो. या दोन्ही विवेचनांतून बाणाची असहायता उत्तम कळते. पण बाणाला बळ येते तेव्हा ते कुठून येते आणि किती येते, याचे मोजमाप त्यांत नाही.

ते मोजमाप पूर्वमीमांसेत आहे. पूर्वमीमांसा हे वेदातील विधिवाक्यांचा, म्हणजे अमुक करावे असे सांगणाऱ्या वाक्यांचा, अर्थ लावण्याचे शास्त्र. जैमिनींच्या सूत्रांचे बारा अध्याय हा त्याचा मूळ ग्रंथ, आणि त्यातला पाचवा अध्याय क्रमाला वाहिलेला आहे. महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. काशीत मीमांसेची ध्वजा धरणाऱ्या घराण्यांत दक्षिणेतून गेलेली मराठी घराणी होती, आणि मीमांसेच्या पारिभाषिक शब्दांचा विशाल कोश केवलानंद सरस्वतींनी संपादित केला तो वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून १९५२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. यज्ञ हा शेकडो लहान कृतींचा आणि अनेक ऋत्विजांचा सामुदायिक व्यवहार असल्याने आधी काय आणि मागून काय हा प्रश्न तिथे पदोपदी उभा राहतो. ग्रंथाने सर्व कृती सांगितलेल्या असतात, क्रम मात्र नेहमीच सांगितलेला नसतो. मीमांसकांनी म्हणून क्रम ठरवण्याची सहा प्रमाणे मानली, श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती, आणि त्यांच्यात आधीचे प्रबळ व नंतरचे दुर्बळ अशी उतरंड लावली. लौगाक्षी भास्करांचा ‘अर्थसंग्रह’ हा या शास्त्राचा बालबोध ग्रंथ, त्यातही या सहांचा विचार नेटकेपणाने आला आहे.

श्रुती म्हणजे क्रम सांगणारा प्रत्यक्ष शब्द: दर्भाची विशिष्ट जुडी करून मग वेदी करावी अशा आशयाचे वाक्य असेल तर तिथे वादाला जागाच उरत नाही. अर्थ म्हणजे प्रयोजनाची निकड. अग्निहोत्राच्या प्रकरणात होम करावा हे वाक्य आधी येते आणि यवागू, म्हणजे धान्याची पातळ पेज, शिजवावी हे नंतर. पण यवागूचाच होम करायचा असल्याने ती शिजवल्यावाचून होम होणार कसा, म्हणून वाक्यांचा क्रम उलटवून पाक आधी व होम नंतर असे ठरते. पाठ म्हणजे ग्रंथात ज्या ओळीने कृती आल्या ती ओळ. दुसरे काही कारण नसेल तर ती पाळावी, आणि अर्थाशी तिचा विरोध आला तर ती सोडावी. स्थान आणि मुख्य ही दोन प्रमाणे थोडक्यात आटोपता येतील: अनेक कृती एका जागी गोळा झाल्या तर ज्या कृतीची ती मूळ जागा तिला अग्रमान देणे हे पहिले, आणि प्रधान कृतींच्या क्रमाप्रमाणे त्यांच्या अंगभूत कृतींचा क्रम लावणे हे दुसरे. शेवटचे प्रमाण प्रवृत्तीचे, म्हणजे एकदा जशी सुरुवात झाली तसेच पुढे चालवण्याचे. आणि यांपैकी एकही प्रमाण नसेल तिथे क्रमाचा नियमच नाही, ही शक्यताही या शास्त्राने मोकळी ठेवली आहे.

या सहांच्या उजेडात एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाची, म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता आणि सुधारता येते अशा प्रकल्पाची, नेहमीची आकृती पाहिली म्हणजे तिचा गोंधळ उघडा पडतो. योगदान करणारा स्वतःसाठी ब्रँच, म्हणजे आज्ञावलीच्या इतिहासाची वेगळी फांदी, काढतो. बदल करून त्याची नोंद करतो, जिला कमिट म्हणतात. हा बदल मुख्य शाखेत घ्यावा अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, उघडतो. आपोआप चालणाऱ्या टेस्ट पार पडतात. कोणी जाणता माणूस रिव्ह्यू करतो. मग मर्ज होते, म्हणजे बदल मुख्य शाखेत मिळवला जातो, आणि शेवटी ती ब्रँच काढून टाकली जाते. सहा बाण, सहाही एकाच जाडीचे आणि एकाच काळ्या रंगाचे. यातला कमिटकडून पुल रिक्वेस्टकडे जाणारा बाण अर्थक्रमाचा आहे, कारण बदलच नसेल तर विनंती कशाची करायची. तो काढला नसता तरी कोणी चुकला नसता. टेस्टकडून रिव्ह्यूकडे जाणारा बाण मात्र निव्वळ पाठाचा आहे. प्रत्यक्षात विनंती उघडताच टेस्ट सुरू होतात आणि त्या चालू असतानाच रिव्ह्यूही सुरू होऊ शकतो; लिहिणाऱ्याने एक आधी लिहिली, दुसरी मागून लिहिली, आणि मधल्या रिकाम्या जागेत बाण आला. नवा माणूस या बाणाला श्रुती मानतो. टेस्ट यंत्राच्या काही बिघाडामुळे अडकली की तो दोन दिवस गप्प बसतो, आणि रिव्ह्यू करणारा समजतो की काम सोडून गेला.

आता याच आकृतीत बहुधा नसलेला एक बाण पाहावा. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, २००४ पासून प्रत्येक बदलाखाली योगदान करणाऱ्याने स्वाक्षरीची एक ओळ लिहायची असते. हा बदल देण्याचा अधिकार आपल्याला आहे अशी ती ग्वाही असते, आणि बदल ज्यांच्या ज्यांच्या हातून वर गेला त्यांच्या ओळी त्याच ओळीने खाली येत जातात. ही ओळ नसेल तर बदल स्वीकारला जात नाही. आज्ञावली तिच्यावाचूनही तितकीच नीट चालली असती, म्हणून इथे अर्थक्रम नाही; तसा नियम शब्दांत केलेला आहे म्हणूनच हा क्रम आहे, आणि त्यामागे मालकीहक्काच्या खटल्यांचा धाक आहे. हा शुद्ध श्रुतिक्रम. अशी अट अनेक आकृत्यांत एका कोपऱ्यात तारांकित टीप म्हणून टाकलेली आढळते आणि ब्रँच पुसून टाकण्यासारख्या आवराआवरीला मात्र स्वतंत्र चौकट मिळते. सर्वांत प्रबळ प्रमाण टिपेत आणि सर्वांत दुर्बळ प्रमाण चौकटीत, अशी ही उलटी उतरंड आहे. चित्र सुंदर केल्याने ती सुलटी होत नाही, उलट अधिक विश्वासार्ह दिसू लागते.

प्रवृत्तिक्रमाचे उदाहरण अधिक रोचक आहे, कारण त्यातून आकृतीची एक जन्मजात मर्यादा दिसते. वाजपेय यागात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात आणि प्रत्येकावर अनेक संस्कार करायचे असतात. पहिला संस्कार कोणत्याही पशूपासून सुरू करावा, पण त्यात जो क्रम पडला तोच दुसऱ्या, तिसऱ्या संस्कारात पाळावा, म्हणजे प्रत्येक पशूच्या दोन संस्कारांत सारखेच, सोळा क्षणांचे, अंतर राहते, कोणावर अन्याय होत नाही. इथे मीमांसक दोन पद्धतींत भेद करतात. एक संस्कार सर्व वस्तूंवर करून मग दुसऱ्या संस्काराकडे जाणे हा पदार्थानुसमय. एका वस्तूवर सगळे संस्कार पुरे करून मग दुसरी वस्तू हाती घेणे हा काण्डानुसमय. वाजपेयात पहिली पद्धत ठरते, विशेष कारण असेल तिथे दुसरी. आता या दोन्ही पद्धतींची नेहमीच्या धाटणीची प्रवाह-आकृती काढली तर ती अगदी एकसारखी निघते: पहिल्या संस्काराची चौकट, बाण, दुसऱ्या संस्काराची चौकट. कारण अशी आकृती एकाच वस्तूचा प्रवास दाखवते. वस्तू सतरा असल्या तर त्या एकमेकींची वाट पाहतात की नाही हे तिच्यात मावतच नाही. कार्ल आडाम पेत्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून उगम पावलेल्या जाळ्यांमध्ये आकृतीवरून सरकणाऱ्या टिकल्यांची कल्पना आहे, ती ही उणीव भरून काढते. परंतु पेत्रीची जाळी वाचण्याची सवय फार थोड्यांना असते.

सॉफ्टवेअरच्या जगात या दोन अनुसमयांची गल्लत किती महाग पडते याचे ठळक उदाहरण म्हणजे व्हिन्सेंट ड्रीसेन यांची प्रसिद्ध आकृती. गिट ही आज्ञावलीचा इतिहास सांभाळणारी प्रणाली लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केली, आणि ब्रँच कशा काढाव्यात व कुठे मिळवाव्यात हे सांगणारी आपल्या कामाची रीत ड्रीसेन यांनी जानेवारी २०१० मध्ये एका लेखात मांडली. लेखासोबत वरून खाली वाहणारा काळ, उभ्या समांतर शाखा आणि त्यांच्यामधले रंगीत ठिपके असे एक देखणे चित्र होते. लेखापेक्षा चित्रच जास्त फिरले, ठिकठिकाणच्या दस्तऐवजांत जसेच्या तसे जाऊन बसले आणि गिटफ्लो या नावाने जवळजवळ शास्त्र झाले. त्या रीतीचा गाभा पदार्थानुसमयाचा आहे: अनेक बदल एका सामायिक शाखेत जमवायचे, सर्वांची एकत्र तपासणी करायची आणि मग आवृत्ती म्हणून एकत्र बाहेर काढायचे. ज्यांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या ग्राहकांकडे एकाच वेळी नांदतात त्यांना ते योग्य आहे. पण संकेतस्थळावर चालणाऱ्या सेवेत प्रत्येक बदल सगळ्या पायऱ्या ओलांडून लगेच वापरात आणायचा असतो, म्हणजे तिथे काण्डानुसमय हवा. ड्रीसेन यांनी मार्च २०२० मध्ये स्वतःच लेखाच्या माथ्यावर टीप जोडली की अशा सेवा करणाऱ्यांनी अधिक साधी रीत पत्करावी आणि या आकृतीला पोथी करून ठेवू नये. हा त्यांचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. पण टीप मूळ लेखावर आहे. दहा वर्षांत नकलून घेतलेल्या चित्रांना ती चिकटणार कशी? जे वाक्य संदर्भातून उचलले जाते त्याचा अधिकारी कोण, म्हणजे ते कोणासाठी सांगितले आहे, हे प्रकरण पाहूनच ठरवावे लागते हा मीमांसेचा आग्रह इथे किती रास्त ठरतो ते सांगायला नको.

गिटच्याच संदर्भात बाणाच्या दिशेचाही एक घोळ आहे. गिटमधल्या प्रत्येक कमिटच्या पोटात त्याच्या आधीच्या कमिटची ओळख नोंदलेली असते, आधीच्याला मात्र पुढे कोण येणार याची खबर नसते. म्हणून शास्त्रशुद्ध आकृतीत बाण नव्याकडून जुन्याकडे, काळाच्या उलट, काढले जातात, आणि वाचणारा ते काळाचे बाण समजून हमखास फसतो. इथे एकाच रेघेवर दोन संबंधांनी हक्क सांगितला आहे, कोण कोणावर अवलंबून आहे हा एक आणि कोण कोणाच्या नंतर घडले हा दुसरा. यवागू आणि होम यांच्यातही हेच दोन संबंध उलट दिशांनी जातात. गिटच्या अधिकृत पुस्तिकेने यातून काढलेली वाट साधी आहे: तिच्यातल्या अनेक आकृत्या टंकाच्या अक्षरांनीच बनवलेल्या आहेत आणि त्यांत बाण नाहीतच, नुसत्या जोडरेघा आहेत, काळ डावीकडून उजवीकडे. रिबेस या आज्ञेच्या पानावर ए, बी, सी असे तीन कमिट एका फांदीवर दिसतात, आणि ती फांदी उचलून दुसरीकडे लावल्यावरच्या आकृतीत त्याच अक्षरांच्या डोक्यावर एकेक लहान चिन्ह येते. मजकूर तोच, पण पूर्वज बदलल्यामुळे ओळख बदललेली. तेच आणि तेच नव्हे. वस्तूचे ऐक्य तिच्या द्रव्यावर ठरते की तिच्या संबंधांवर, हा दर्शनांतला जुना तंटा त्या एका चिन्हाने एका बाजूने निकालात काढला आहे, आणि तेही एक अवाक्षर न बोलता. आकृती सुधारणे कशाला म्हणावे याचा हा वस्तुपाठ आहे.

त्याच पुस्तिकेत गिटच्या कार्यप्रवाहांवर एक स्वतंत्र पान आहे. त्यात मोठी आकृती नाही. नियम वेगळे काढून ठळक लिहिले आहेत, प्रत्येक नियमाभोवती तो का केला याचे गद्य आहे, आणि प्रारंभीच अशी सूचना आहे की हे नियम अक्षरशः घेऊ नयेत, आपल्या कृतीमागची चांगली कारणे अशा पुस्तिकांपेक्षा वरचढ मानावीत. मीमांसेच्या परिभाषेत ठळक वाक्य हा विधी, आणि त्याची शिफारस करणारे सभोवतालचे गद्य हा अर्थवाद. मीमांसकांनी अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य दिले नाही, पण विधीशी एकवाक्यता पावून, म्हणजे त्याच्याशी मिळून एकच वाक्य होऊन, तो उपयोगी ठरतो असे मानले. कार्यप्रवाहाच्या आकृतीत विधी राहतो आणि अर्थवाद गळून पडतो. सुधारणेची सुरुवात म्हणूनच प्रत्येक बाणापाशी एक लहानशी ओळ लिहिण्यापासून व्हावी: इथे नियम आहे, इथे दुसरा इलाज नाही, इथे नुसती सवय आहे. प्रबळ बाण जाड काढावेत, सवयीचे तुटक काढावेत, आणि जिथे कोणतेच प्रमाण सापडत नाही तिथला बाण पुसून चौकटी शेजारी शेजारी सोडाव्यात. हे शेवटचे काम आकृती काढणाऱ्यांना फार जड जाते, कारण बाण नसलेली आकृती त्यांना अर्धवट वाटते.

शेजारी शेजारी सोडलेल्या चौकटीही अगदी मुक्या नसतात. चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने आकृतीचे सामर्थ्य यातच पाहिले की काढणाऱ्याने जे संबंध मुद्दाम घातले नव्हते तेही तिच्यावरून वाचता येतात. कार्यप्रवाहाच्या बाबतीत हे सामर्थ्य दुधारी आहे. मर्मेड ही २०१४ मध्ये आलेली आणि २०२२ पासून गिटहब या आज्ञावल्या ठेवण्याच्या संकेतस्थळावर थेट चालणारी पद्धत घेतली तर तिच्यात आकृती काढायची नसते, साध्या मजकुरात लिहायची असते. कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीकडे बाण आहे एवढे सांगितले की मांडणी यंत्र करते. एक ओळ वाढवली की सगळ्या चौकटी जागा बदलतात, कालपर्यंत वर असलेली खाली जाते, आणि वाचणाऱ्याला वरचे ते आधीचे वाटत असल्याने कोणीही न सांगितलेला स्थानक्रम तयार होतो. पण याच पद्धतीचा दुसरा गुण त्या दोषावर मात करणारा आहे. मीमांसक वेदाला अपौरुषेय मानतात, त्याला कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत असे म्हणतात. अनेक हातांनी घडलेले आणि चित्राच्या फाइलमध्ये गोठलेले आकृतिपट व्यवहारात असेच अपौरुषेय होऊन बसतात. तो बाण कोणी आणि का काढला हे कोणालाच ठाऊक नसते आणि म्हणूनच तो पुसण्याचे धैर्य कोणाला होत नाही. मजकुरात लिहिलेल्या आकृतीतल्या प्रत्येक ओळीचा कर्ता, दिनांक आणि त्या वेळी दिलेले कारण गिटच्या एका आज्ञेने समोर येते. बाण पौरुषेय होतो, आणि जे पौरुषेय आहे त्याच्याशी वाद घालता येतो.

या सगळ्या तुलनेवर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. यज्ञाचे फळ अदृष्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, मानलेले आहे. तिथे क्रम चुकला की नाही हे करून पाहून कळत नाही, म्हणून शब्दाच्या अर्थाला इतके महत्त्व. सॉफ्टवेअर चालते किंवा चालत नाही. फ्रिट्स स्टाल या डच पंडितांनी १९७५ मध्ये केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनाचे चित्रण व अभ्यास केला, यज्ञातल्या कृतींची रचना व्याकरणातल्या वाक्यवृक्षांसारख्या आकृत्यांनी दाखवली, आणि पुढे जाऊन असा सिद्धांत मांडला की कर्मकांडात नियम असतात, अर्थ नसतो. हे खरे असेल तर यज्ञाचे शास्त्र प्रयोजनाने बांधलेल्या कामाला कसे लावावे? उत्तर मीमांसेतच आहे. दृष्ट फळ संभवत असताना अदृष्टाची कल्पना करू नये हा तिचाच दंडक आहे. भात कांडण्याचा विधी घेतला तर तूस निघणे हे फळ दृष्टच आहे, आणि ते नखांनी सोलूनही मिळेल. विधी एवढेच म्हणतो की इथे कांडूनच काढावे. अनेक उपाय शक्य असताना एकाचाच नेम करणाऱ्या अशा विधीला नियमविधी म्हणतात. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातले बहुतेक वादग्रस्त बाण याच जातीचे असतात. रिव्ह्यू फोनवर बोलून होईल, पत्राने होईल, शेजारी बसून होईल. दस्तऐवज म्हणतो की तो पुल रिक्वेस्टवरच व्हावा. दोष तिन्ही रीतींनी सापडतील, पण नेम पाळल्याने पुढच्यांसाठी नोंद राहते, आणि हे फळ करणाऱ्याला त्या घडीला दिसत नाही. स्टाल यांचा सिद्धांत म्हणूनच मीमांसकांच्या या भेदाशी भिडल्यावर थोडा भरड वाटतो.

राहता राहिला माणसांचा प्रश्न, ज्याला आकृतीत फक्त चौकटीच्या कडेला जागा मिळते. सत्र नावाच्या यागात किमान सतरा आणि जास्तीत जास्त चोवीस जण बसतात. त्यात ऋत्विज वेगळे आणि यजमान वेगळा असा भेद नसतो, सगळेच यजमान आणि फळही सगळ्यांचे. सहयोगी प्रकल्पाच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी संस्था प्राचीन साहित्यात शोधणे कठीण आहे. जैमिनींचा सहावा अध्याय प्रतिनिधीचा, म्हणजे एखादी गोष्ट न मिळाल्यास तिच्या जागी दुसरी घेण्याचा, विचार करतो. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, नेमलेले धान्य नसेल तर त्याच्यासारखे दुसरे घ्यावे; देवतेला आणि मंत्राला चालत नाही; यजमानालाही चालत नाही, कारण फळ ज्याचे आहे तोच नसेल तर कर्म कोणाचे? सत्रात मात्र एखादा मध्येच दगावला तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा आणता येतो. तो काम करतो, पण फळाचा स्वामी होत नाही. कार्यप्रवाहाच्या आकृत्यांत रिव्ह्यू करणारा, मर्ज करणारा, आवृत्ती बाहेर काढणारा ही सगळी पदे सारख्याच अक्षरांत लिहिलेली असतात, आणि यांपैकी कोणाच्या जागी कोणीही चालेल, कोणाच्या जागी विशिष्ट माणूसच लागेल, आणि कोण नसेल तर काम थांबवायचे, हे कुठेच नसते. टेस्ट चालवणारे यंत्र बदलले तरी चालते, ते द्रव्य आहे. रिव्ह्यू करणारा सुट्टीवर गेला तर दुसरा जाणकार बसवता येतो, सत्रातल्या भरतीच्या माणसासारखा, आणि त्याने होकार दिला तरी त्या भागाची पुढली जबाबदारी त्याच्यावर येत नाही हेही लिहून ठेवावे लागते. स्वाक्षरीची ओळ मात्र ज्याने बदल दिला वा पुढे पाठवला त्यानेच लिहायची. तिथे प्रतिनिधी घेतला तर ग्वाही खोटी ठरते, म्हणून त्या चौकटीतून तो माणूस मिळेपर्यंत पुढे बाण काढता येत नाही.